बांधताना बोलायचं नाही

बाबा, तुझ्यावर मी संशय घेत होते. तू होतास तेव्हाही, आणि तू गेल्यावरही इतकी वर्षं. तुला ते कळत होतं की नाही कोण जाणे. कळत असलं तरी तू तोंड उघडलं नसतंस. आपण खाडीकाठची माणसं, बापालाही तूच म्हणतो, म्हणून कागदावरही अरेतुरेच करते आहे. तू गेलास तेव्हा मी रोह्याच्या केमिकल कंपनीत नुकती ट्रेनी म्हणून लागले होते. पिवळं हेल्मेट घालून घरी आले, तर तू पोट धरून हसला होतास. आता मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. कुणाचा हात भाजला, कुठला व्हॉल्व्ह उघडा राहिला, की पहिला फोन मला येतो. माझं कामच संशय घेण्याचं. पहिल्या दिवशी कुणी खरं सांगत नाही, हे मी तिथे शिकले. ऑपरेटर म्हणतो नळी जुनी होती, मेंटेनन्सवाला म्हणतो परवाच बदलली, आणि सुपरवायझर नेमका त्याच वेळी चहाला गेलेला असतो. पण मधूनच एखादा असा निघतो, जो कुणी विचारायच्या आधीच म्हणतो, मॅडम, चूक माझी. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त संशय घेते. तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. ही अक्कल मला कंपनीने शिकवली नाही. ती तुझ्या साहेबांकडे बघून आली.

तू एअरफोर्समधली वर्षं भरून हमरापूरला परत आलास, तेव्हाचं मला अंधुक आठवतं. आल्यावर लोकांना वाटलं, विमानाजवळ राहिलेला माणूस, आता मोठं काहीतरी करेल. तू गणपतीच्या कारखान्यात गेलास. त्यात नवल काही नव्हतं, आपल्या गावात घराघरांत तेच चालतं. पण तुझ्या हाताला ना माती होती ना रंग. आखणी करणार्‍या बायका एका श्वासात डोळा काढतात, तुला साधी सोंडेवरची पट्टी सरळ येत नव्हती. मग तू मूर्ती बांधायला बसलास. लांबच्या गावांना जाणारे गणपती कागदात, कापसात, पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचे, हे तसं कुणीही करील असं काम. तुझ्या हातात ते वेगळंच झालं. मागच्या पडवीत तू मांडी घालून बसायचास, समोर मूर्ती, डाव्या हाताला मऊ कागद, उजव्या हाताला झोडून साफ केलेला पेंढा. बोटाबोटांत कापूस, सोंड आणि पोट यांच्यामध्ये कापूस, मग पेंढ्याचा पीळ, मग सुतळी. तू बांधलेला गणपती कुठेही गेला तरी त्याचा कान तुटला, हात मोडला असं कधी ऐकू आलं नाही. गिर्‍हाईकं कारखानदाराला बजावून सांगायची, आमचा त्या एअरफोर्सवाल्याकडून बांधून घ्या.

फक्त एक होतं. तू बांधत असताना कुणी बोलायचं नाही. नुसतं तुझ्याशी नाही, तुझ्या आसपासही नाही. कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा. आणि चुकून कुणी बोललंच, तर तू एक शब्द न बोलता सुतळी सोडायचास, पेंढा उकलायचास, कापूस काढायचास आणि पहिल्यापासून सुरू करायचास. अर्धं काम झालेलं असो नाहीतर शेवटची गाठ राहिलेली असो. आई डोक्याला हात लावायची. मी डबा घेऊन निघाले की मागून ओरडायची, "गो पोरी, बापूस बांधत असंल तर तोंडाला कुलूप लाव. नायतर सगला पेंढा परत उलगडल नि जेवन जाईल मांजरीला." मला लहानपणी ती तुझी गंमत वाटायची. मोठी झाले तशी ती मला खोड वाटायला लागली, आणि मग ती खोडही वाटेना.

कारण साहेब यायचे. दर श्रावणात, गणपतीला थोडे दिवस राहिले की, रोह्याचे ते साहेब आपल्या घरचा गणपती न्यायला हमरापूरला यायचे. रोह्याची जुनी सुशिक्षित मंडळी, घरी पिढ्यान्पिढ्या शाडूचा गणपती. नोकरीत होते तेव्हा रजा घेऊन कुठून कुठून यायचे, निवृत्त होऊन रोह्यातच राहायला आले तेव्हा स्वतः गाडी चालवत यायचे. उंच, गोरे, पाठ मात्र काठीसारखी ताठ; वाकून चप्पलही काढता यायची नाही त्यांना, पायानेच पाय घासून काढायचे. त्यांचा गणपती तू आधी कधीच बांधून ठेवत नव्हतास. ते आले की मग घ्यायचास. आणि तू बांधत असताना हा एवढा मोठा अधिकारी पडवीच्या दारात उभा राहायचा. बसायला पाट दिला तरी बसायचा नाही. खोकला आला तर बाहेर अंगणात जाऊन खोकून यायचा. एक अक्षर बोलायचा नाही. शेवटची गाठ मारून तू हात झटकलेस की ते विचारायचे, "झालं?" तू म्हणायचास, "झालं, सर." मग चहा, मग भाताची, पावसाची, पोराबाळांची बोलणी. विमानाचं नाव दोघांच्याही तोंडी नाही. मी ते दर वर्षी बघायची आणि मला वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढे आईने मला सांगितलं, तेही मी फार मागे लागले म्हणून. त्या दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. म्हणाली, लढाऊ विमान उतरतं तेव्हा लई जोरात असतं, नुसत्या ब्रेकने थांबत नाय. त्याच्या शेपटातून एक कापडाची छत्री सुटते, ती फुगते आणि विमानाला मागे ओढते. ती छत्री घडी घालून बांधायचं काम तुझ्या बापाचं. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबातल्या तळावर हा होता आणि तेच साहेब विमान उडवायचे. एकदा साहेब कामगिरी करून परत आले, उतरले, छत्री फुगली नाय. विमान धावपट्टी संपवून पुढच्या वाळूत घुसलं, पुढचं चाक मोडलं, साहेबांची पाठ मोडली. जीव वाचला. विमान काय परत चालवलं नाय त्यांनी. मी विचारलं, मग बाबांना काय झालं? आई म्हणाली, "काय नाय झाला. सायबांनीच सांगितला, चूक माजी हाय. लई जोरात असताना छत्री सोडली म्हनून ती फाटली. तुज्या बापावर बालंट नाय आला." असं म्हणून तिने वालाची टोपली उचलली आणि विषय संपवला.

आईचा संपला, माझा सुरू झाला. मी मनातल्या मनात तुझी चौकशी लावली, बाबा. कर नाही त्याला डर कशाला? छत्री नीट बांधलेली होती, तर इतकी वर्षं तुझी ही अशी दातखीळ का बसावी? कुणी बोललं की सगळं उलगडायचं, हे प्रायश्चित्तच नाही तर काय? आणि साहेबांची चूक असेल, तर ते दर वर्षी तुझ्या दारात शिक्षा झालेल्या मुलासारखे का उभे राहतात? दोघांपैकी एक जण दुसर्‍याला काहीतरी लागतो, एवढं मला कळत होतं. कोण कोणाला, ते कळत नव्हतं. चहा पिताना साहेब कधी कधी स्वतःची थट्टा करायचे, त्यातून मी त्यांची सगळी नोकरी जोडून काढली. तुकडीतले सगळ्यात तरबेज म्हणून नावाजलेले. नवीन विमानं पारखायच्या शिक्षणासाठी त्यांची निवड झालेली होती, लढाई आटपली की जायचं होतं. गेले ते प्लास्टर घालून दवाखान्यात. तिथून उठल्यावर आधी कंट्रोल टॉवर, मग कोठाराचा हिशेब, मग कुठल्याशा कचेरीत बदल्यांची कामं. कागदावर ‘चूक वैमानिकाची’ असा शेरा बसला, बढती अडली, आणि ज्यांना त्यांनी उडायला शिकवलं, ती पोरं त्यांच्यावर साहेब होऊन आली. ते हसून म्हणायचे, "आता मी खुर्ची उडवतो. तिला उतरवायची भीती नाही." तू तेव्हा कपात बघत असायचास. मी तुझ्याकडे बघायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मला वाटायचं, आणि तो चोर माझ्याच घरात जेवत होता. हे आज लिहायलाही नको वाटतं. पण वाटायचं हे खरं.

एका वर्षी साहेबांबरोबर त्यांच्या बाई आल्या. त्या पहिल्यांदाच आलेल्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. तू बोटांमध्ये कापूस भरत होतास. बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती हळुवार बांधताय हो." तू थांबलास. मग कापूस काढायला लागलास, एकेका बोटातून. बाईंचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं आपण काही अशुभ बोललो. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिले. पाठमोरे होते, तरी रडताहेत हे मला दिसलं. मी काय समजले असेन? मी समजले, हा अपमानाचा राग आहे. माझ्या बापाने एवढ्या मोठ्या माणसाला मुठीत ठेवून ठेवून इथवर आणलंय की त्याच्या बायकोदेखत त्याला पेंढ्याइतकी किंमत देतो. मला तुझी लाज वाटली होती त्या दिवशी.

म्हणून मी मुद्दाम ते केलं. तू पडवीत एकटाच होतास, समोर कुणाचातरी मोठा गणपती अर्धा गुंडाळून झाला होता. मला माहीत होतं की तू आत्ता बोलणार नाहीस, तरी मी नेमकं तेव्हाच विचारलं, "छत्री फुगली नाय ती तुझ्यामुळं ना?" तुझे हात थांबले. तू मान वर केली नाहीस. सुतळी सोडलीस, पेंढा उकललास, कापूस वेचून टोपलीत टाकलास. मूर्ती पुन्हा उघडी झाल्यावर तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बांधताना बोलायचं नाय. किती वेला सांगू? कोन बी असो. तुझी आय असो, मालक असो, सायब असो. बोलायचं नाय." आवाज चढवला नाहीस. मला एक सणसणीत उत्तर हवं होतं आणि तू मला कारखान्याचा नियम ऐकवलास. खाई त्याला खवखवे, असं म्हणून मी तिथून पाय आपटत गेले. त्यानंतर मी तुला कधी विचारलं नाही, आणि तू उत्तर दिलेलं होतंस हे मला कळलं नाही.

तू गेलास त्याच्या पुढच्या श्रावणातही साहेब आले. तुझ्या जागी बसलेला बांधणारा बडबड्या, कानाशी रेडिओ लावून सुतळी ओढणारा. साहेब तरी दारात उभे राहिले, तसेच, अक्षर न बोलता. रेडिओवर गाणी चालू होती आणि हे आपले गप्प. मी बघत होते. तू नाहीस, मग आता हे कोणाला घाबरतात, असा माझा नवा संशय. पुढे दर वर्षी ते येत राहिले. मी नोकरीत मुरत गेले, माणसं ओळखायला शिकले, आणि तुमचं प्रकरण माझ्या डोक्यात न सुटलेलं राहिलं. कंपनीतून सुटल्यावर साहेबांच्या घरावरूनच माझी गाडी जायची, कुंडलिका नदीच्या बाजूने. कितीदा वाटलं, थांबावं आणि सरळ विचारावं. पण मला उत्तराची खात्री होती. ते म्हणणार, चूक माझी. आणि मी विश्वास ठेवणार नाही.

यंदा ते आले नाहीत. फोन आला. आवाज बारीक झालाय आता. म्हणाले, "मला गाडी चालवू देत नाहीत. गणपती तू घेऊन ये. आणि बांधायचा तूच, कारखान्यातल्या माणसाला नको." मी म्हटलं, मला कुठे येतं? तर म्हणाले, "बघितलंयस की इतकी वर्षं." मी कारखान्यातून शाडूची मूर्ती आणली आणि घरी ओटीवर बांधायला बसले. आणि बाबा, खरंच येत होतं मला. मऊ कागद आधी, मग बोटाबोटांत कापूस, तुझ्यासारखाच थोडा थोडा चिमटून. आशीर्वादाच्या हातापाशी होते आणि कंपनीतून फोन आला. शिफ्ट इनचार्जचा, एका टाकीचा दाब चढतोय म्हणून. तो घ्यावाच लागतो. खांदा आणि कान यांच्यात मोबाइल धरून मी त्याला काय बंद कर, काय उघड ते सांगत राहिले आणि माझे हात पेंढ्याचा पीळ घालत राहिले. फोन संपला तेव्हा मूर्ती जवळजवळ बांधून झाली होती. मधलं मला काही आठवेना. त्या हाताच्या बोटांमध्ये सगळीकडे कापूस गेला का? गेला असणार, मी म्हटलं. टाकीचा दाब उतरला होता, रोह्याला वेळेत पोचायचं होतं, आणि वाटेतल्या गडब गावाच्या पुढे रस्ता कसा आहे ते तुला सांगून खोटं वाटेल. उलगडायचं मनात आलं नाही असं नाही. पण मी म्हटलं, चालेल.

साहेबांच्या ओटीवर खोकं ठेवलं. ते आरामखुर्चीतून उठले, मी नको म्हणत असताना पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसले आणि स्वतः सुतळी सोडायला लागले. पेंढा बाजूला झाला, कागद निघाला. आशीर्वादाच्या हाताची दोन बोटं तुटून कागदात पडली होती. साहेबांनी ती बोटं तळहातावर घेतली, जरा वेळ बघितली आणि रागावून नाही, नुसतं माहिती विचारावी तसं विचारलं, "बांधताना कोणी बोललं का तुझ्याशी?"

मी म्हटलं, फोन आला होता.

त्यांनी बोटं परत कागदावर ठेवली. मग म्हणाले, "तेव्हा मी बोललो होतो." आणि सांगायला लागले. लढाईचे दिवस, महिनोन्महिने मराठी कानावर नाही. त्या वर्षी गणपतीलाही घरी जायला मिळालं नव्हतं. मेसमध्ये कुणीतरी म्हणालं, छत्र्या बांधणार्‍या पोरांत तुमच्या कुलाबा जिल्ह्यातला एक आहे. "मी तसाच उठून गेलो. दारावर लिहिलेलं होतं, आत बोलू नये. मी अधिकारी, मला कोण अडवणार? तो टेबलावर वाकून घडी घालत होता. मी म्हटलं, काय रे, पेणचा ना तू? दचकला. मग असा हसला की काय सांगू. म्हणाला, सर, हमरापूरचा. मी म्हटलं, अरे, आमच्या घरी गणपती तुमच्याच गावचा येतो! मग भात कसा आलाय, खाडीला निवट्या मासे मिळतात का अजून, काय नि काय. त्याचं तोंड चालू, हात चालू. त्यांचा नियम असा, की मध्ये कोणी बोललं तर सगळं उलगडून पहिल्यापासून. मधेच त्याला ते आठवलं. हात थांबवून त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला उलगडायचं होतं, मला दिसलं ते. मी म्हटलं, राहू दे रे, तुझ्या हातांना काय धाड भरली आहे? चालेल. बाहेर विमानं ताटकळत होती, आणि मला आणखी थोडं बोलायचं होतं. दुसर्‍या दिवशी तीच छत्री माझ्या विमानाला लागली."

मी विचारलं, मग ती त्याच्या हातूनच चुकली हे नक्की? माझी सवय जात नाही, बाबा. साहेब म्हणाले, "नक्की कोण सांगणार? मी जरा जोरातच उतरलो होतो, तेही खोटं नाही. छत्री बाहेर आली आणि चिंधीसारखी लोंबत राहिली, एवढं मला कळलं. दवाखान्यात चौकशीवाले आले, मी सांगितलं, चूक माझी. तुझा बाप त्यांच्या खोलीबाहेर बसून होता म्हणे, बोलावतील म्हणून. त्याला कुणी बोलावलंच नाही. मग एकदा माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. नुसता उभा. मी म्हटलं, गणपतीला घरी भेटू रे. आणि भेटत राहिलो." मी त्यांच्याकडे बघत होते आणि विचार करत होते की हा माणूस आत्ताही तुला पाठीशी घालत नसेल कशावरून? तेव्हा चौकशीवाल्यांना जे सांगितलं तेच आज मला सांगतोय, चूक माझी. पण मग ते दारातलं उभं राहणं आठवलं. तुझ्यानंतरचं, रेडिओ चालू असतानाचं. ते कुणाला दाखवायला नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. मूर्तीकडे बघून त्यांनी ट्रे तसाच खाली ठेवला. "अगं बाई! बोटं कशी मोडली?" मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण त्याआधीच साहेब म्हणाले, "माझ्या हातून. काढताना धक्का लागला." कुणी विचारायच्या आत, सरळ, डोळ्यांत बघून, लढाईत म्हणाले असतील तसंच. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं, वस्तूंना हात लावू नका म्हणून." साहेब मान खाली घालून ऐकून घेत होते. सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. पण मग सूनबाईंचं दुसरंच काही सुरू झालं, आणि मग ते वाक्य सांगायची वेळ निघून गेली. किती सहज जाते, बाबा. मला वाटायचं, गप्प राहायला माणूस आतून काहीतरी ठरवतो. काही ठरवत नाही. दुसरा पुढे होतो आणि आपण खोलीबाहेर बसलेले असतो.

अजून प्राणप्रतिष्ठा झाली नाही तोवर माती आहे ती, जोडून आण, असं साहेबांनीच सांगितलं. मी मूर्ती परत हमरापूरला नेली. बोटं जोडली, वरून रंगाचा हात फिरला, खूण दिसत नाही. बांधताना मोबाइल बंद करून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवला आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली. अर्ध्यात आल्यावर अंगणातून शेजारणीने हाक मारली, घरात हायस का गो? मी ओ दिली नाही. सुतळी सोडली, पेंढा उकलला, बोटांतला कापूस काढला आणि पहिल्यापासून घेतलं. तुझ्यासाठी रडू आलं तर ते तेव्हा आलं, तू गेलास तेव्हाही इतकं आलं नव्हतं. तुझ्यावरचा माझा संशय मी मागे घेतला असं मात्र नाही. तू बोलायला हवं होतंस, असं मला अजूनही वाटतं. साहेबांची सगळी नोकरी तुझ्या एका वाक्यावर टांगलेली होती, आणि ते तू मनात ठेवून उरलेलं आयुष्य पेंढा उलगडत बसलास.

हे लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं की साहेबांना वाचून दाखवावं, निदान त्यांच्या घरात एकदा खरं सांगून मोकळं व्हावं. नाही दाखवणार. तुला पाठवायला तर पत्ताच नाही. काल मी दुसर्‍यांदा गणपती घेऊन रोह्याला गेले. साहेब ओटीच्या दारात उभे होते, मी खोकं खाली ठेवेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं, सर." ते पुढे होऊन सुतळीला हात घालणार, एवढ्यात सूनबाई आतून धावत आल्या, "नको नको, बाबांच्या हातात देऊ नका हो ताई, ते पुन्हा मोडतील!" घरातली नातवंडं हसायला लागली. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "खरंय, या हातांचा आता भरवसा नाही." मग सगळेच हसले. मीही हसले, बाबा.